पिवळ्या नखांचा कॅचर

"आज मागे काही गेलं का?"

संध्याकाळी कामावरून परतून मी मागच्या बागेत आलो की कुंपणाच्या झुडपांवरून हा प्रश्न यायचा. नमस्कार नाही, कसा आहेस नाही. आधी प्रश्न, मग एक लांबलचक सुस्कारा. सुस्कारा ऐकू आला की समजायचं, शेजारी आपल्या गुडघ्यांची समजूत काढून दुधाच्या उलट्या क्रेटवर बसले. खुर्ची होती त्यांच्याकडे, चांगली गादीची. पण बसायचे क्रेटवरच, जमिनीपासून जेमतेम फूटभर उंच, गुडघे फाकवून आणि उजवा हात दोन मांड्यांच्या मध्ये लपवून.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. डच भाषेत शेजाऱ्याला बुरमन म्हणतात. मी त्यांना बुरमन म्हणायचो, ते मला बुरमन म्हणायचे, आणि आमचं दोघांचं तेवढ्यावर उत्तम चाललं होतं. आम्ही राहतो हॉलंडमधल्या न्यूनेन गावात. तिथून मी रोज सायकलनं फेल्डहोवनला कामावर जातो. चिप बनवणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर तपासणं हे माझं काम. दुसऱ्यांनी केलेल्या चुका गिऱ्हाइकापर्यंत जाऊ द्यायच्या नाहीत, बस. नवीन घरी राहायला आलो तेव्हा बुरमननी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तू कॅचर आहेस."

कॅचर म्हणजे काय हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुम्हालाही नसेल तर सांगतो. बेसबॉलमध्ये बॉल टाकतो तो पिचर. फलंदाजाच्या मागे, आपल्या विकेटकीपरच्या जागी, तोंडावर जाळी आणि छातीवर ढाल बांधून उकिडवा बसतो तो कॅचर. पिचरनं कोणता बॉल टाकायचा हे तो मांडीआड बोटांच्या खुणेनं सुचवतो. एक बोट म्हणजे सरळ वेगवान, दोन बोटं म्हणजे वळणारा. आणि आलेला बॉल त्यानं मागे जाऊ द्यायचा नसतो. गेला तर अख्ख्या मैदानाला दिसतो. नाही गेला तर कुणाचं लक्षही जात नाही.

बुरमन हे काम पोटासाठी करत होते. जन्म कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव या डच बेटावरचा. विशीच्या आत अमेरिकेला गेले आणि तिथल्या छोट्या गावांतल्या व्यावसायिक संघांमधून नऊ वर्षं खेळले. ही सगळी कारकीर्द त्यांच्या उजव्या हातावर होती. एकही बोट दुसऱ्याच्या दिशेला बघत नव्हतं. करंगळी फ्लोरिडात मोडली, अनामिका जॉर्जियात, मधलं बोट आयोवात, तर्जनी दोनदा. अंगठा मात्र सरळ.

"अंगठा मुठीत लपवायला शिकलो ना," ते म्हणायचे. "शिकायला चार बोटं लागली."

बॅटिंगचं विचारलं की हसायचे. ते बॅट घेऊन निघाले की प्रेक्षक शेंगदाणे आणायला उठत, असं त्यांचंच म्हणणं. मग संघानं नऊ वर्षं ठेवलं कशाला, असं मी एकदा भीतभीत विचारलं. ते म्हणाले, माझ्या मागे बॉल जात नव्हता म्हणून. मोठ्या संघात ते एकदाच गेले. तिथले दोन्ही कॅचर एकाच आठवड्यात जखमी झाले आणि यांना बोलावणं आलं. अकरा दिवस राहिले, एका सामन्यात शेवटचा थोडा वेळ खेळले.

"मग काय झालं?" मी पुढे सरकून विचारलं.

"काहीच नाही," बुरमन म्हणाले. "तेच तर माझं काम होतं."

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातलं कात्रण त्यांनी फ्रेम करून संडासात लावलं होतं, डच घरांमध्ये वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असतं त्याच्या शेजारी. मुंगीएवढ्या अक्षरांत त्यांचं नाव आणि नावापुढे रांगेनं शून्यं. त्यातल्या एका शून्याभोवती पेन्सिलनं गोल केलेला होता. ते चुकांचं शून्य.

मला हे सगळं जवळचं वाटायला कारण होतं. मी मंठ्याच्या शाळेत शिकलो. घरातला पहिला पदवीधर मीच, आणि त्याचं सगळं श्रेय मला शिकवणाऱ्या गुरुजींना आहे, हे मी जिथे संधी मिळेल तिथे सांगतो. शाळेच्या क्रिकेट संघात मी विकेटकीपर होतो, कारण दुसरं काही येत नव्हतं आणि ग्लोव्हजची फाटकी जोडी घालायला कुणी तयार नव्हतं. वडील जिनिंग मिलमध्ये होते. एकदाच सामना बघायला आले, सायकल हातात धरून सीमारेषेवर तासभर उभे राहिले. संध्याकाळी आईला म्हणाले, "सगळे खेळतात अन् आपला एकटा उकिडवा बसतो."

हे मी बुरमनना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की क्रेटवरून घसरले. डोळे पुसून म्हणाले, "माझी आई अगदी हेच म्हणायची."

तर असं आमचं चालू होतं. मी "नाही, आज काही गेलं नाही" म्हणालो की ते समाधानानं मान डोलवायचे. कधी एखादी चूक माझ्या नजरेतून निसटून पुढे गेलेली असायची, तेव्हा मी खाली बघत "गेलं" म्हणायचो. त्यावर ते कधी रागावले नाहीत, धीरही दिला नाही. फक्त विचारायचे, "किती लांब गेलं?" म्हणजे अजून धावत जाऊन उचलता येईल का. बहुतेक वेळा येत असे.

मग महामारी आली. ऑफिस बंद झालं, मी माळ्यावर टेबल टाकून बसलो. माझी बायको वृषाली खालच्या मजल्यावर ऑनलाइन डच शिकायची, आणि माझ्या मीटिंगमधलं इंग्रजी आणि तिचं डच जिन्यात एकमेकांना भेटायचं. सगळीकडे पाट्या लागल्या, दीड मीटर अंतर ठेवा. बुरमननी पाटी वाचली आणि म्हणाले, "आमच्या खेळात पिचर-कॅचरमध्ये अठरा लागतात. सरकारनं आम्हाला विचारायला हवं होतं."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी घरांमागच्या हिरवळीवर अठरा मीटर पावलांनी मोजले आणि मला पिचर केलं. स्वतः जुनी जाळी तोंडावर चढवून क्रेटवर बसले. दोन बोटं दाखवली. मी आपली मान डोलावली, आपण 'बरं, ठीक' म्हणताना या खांद्याकडून त्या खांद्याकडे डोलावतो तशी. त्यांनी खूण बदलून एक बोट दाखवलं. मी पुन्हा डोलावली. त्यांनी तीन दाखवली. असं बराच वेळ चाललं. शेवटी ते जाळी वर करून म्हणाले, "तुला एकही बॉल पसंत नाही का?"

झुडपांमागे वृषाली पोट धरून हसत होती. तिनं सांगितलं, "बुरमन, हा केव्हापासून होच म्हणतोय."

तेव्हा कळलं की पिचरनं आडवी मान हलवली म्हणजे त्याचा नकार. कॅचरनं सुचवायचं, पिचरला पटलं नाही तर त्यानं नाही म्हणायचं, मग कॅचरनं दुसरं बोट दाखवायचं. पिचरचा तो हक्कच असतो. हे सांगता सांगता बुरमन एकदम खुलले. अमेरिकेहून ते हॉलंडमध्ये आले आणि इथल्या एका संघात बारा वर्षं एकाच पिचरला झेलत राहिले. न्यूनेनचाच माणूस, ताडमाड उंच, अबोल. त्याच्या लग्नात बुरमनना त्यांची बायको भेटली आणि ते याच गावचे झाले. खेळ थांबल्यावर इथल्याच एका शाळेत देखभालीचं काम केलं. बायको जाऊन काही वर्षं झाली होती.

"बारा वर्षं," बुरमन म्हणाले. "माझं पहिलं बोट त्यानं कधी मान्य केलं नाही. दर वेळी आधी नाही."

"मग तुम्ही काय करायचात?"

"तेच बोट पुन्हा दाखवायचो. मग हो म्हणायचा."

"मग पहिल्यांदा नाही का?"

"ते त्याला विचार. मी विचारून थकलो."

पण विचारायची सोय उरली नव्हती. हे पिचर आजोबा, आम्ही दोघं त्यांना घरात तसंच म्हणायचो, गावाच्या दुसऱ्या टोकाला एका शुश्रूषागृहात होते. स्मरण हळूहळू जात चाललं होतं. बुरमन रोज सकाळी त्यांच्याकडे जाऊन कॉफी पीत बसायचे, जुने सामने पुन्हा सांगायचे, आणि त्यातून ओळख कशीबशी टिकून होती. महामारीत शुश्रूषागृहाचं दार बाहेरच्यांना बंद झालं. तीन आठवड्यांनी परिचारिकेनं फोनवर सांगितलं, ते आता कुणालाच ओळखत नाहीत.

त्या संध्याकाळी बुरमननी मला प्रश्न विचारला नाही. क्रेटवर बसून राहिले. मग म्हणाले, "दार उघडेल तेव्हा तो आत असेल. पण त्याच्या डोक्यात मी असेन का, ते माहीत नाही." आणखी म्हणाले, "मला झेलताना पाहिलेलं आता दुसरं कुणी नाही, बुरमन."

त्या रविवारी ते शुश्रूषागृहाच्या बागेत जाऊन खिडकीबाहेर उभे राहिले. हात हलवला, टोपी काढली. पिचर आजोबांनी रस्त्यावरून जाणाऱ्या बसकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघितलं.

सोमवारी बुरमन कुंपणाशी आले आणि वृषालीला अत्यंत गंभीरपणे विचारलं, तुझ्याकडे सगळ्यात भडक नेलपॉलिश कोणतं आहे? आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. त्यांनी समजावलं की कमी उजेडात पिचरला कॅचरची बोटं दिसत नाहीत, म्हणून कॅचर नखं रंगवतात. त्यांच्या म्हाताऱ्याचे डोळे अधू, त्यात खिडकीची काच चकाकते. उभं राहून हात हलवणारा माणूस कुणीही असू शकतो. बोटं दाखवणारा एकच.

वृषालीनं लाल काढलं, डाळिंबी काढलं, गुलाबी काढलं. बुरमन मान हलवत राहिले. शेवटी ती माझ्या बहिणीच्या हळदीला घेतलेलं पिवळं घेऊन आली. "हे एकदाच लावलंय," ती म्हणाली. "लोक नवरीला सोडून माझ्या हाताकडे बघत होते." बुरमनचे डोळे चमकले. बाटली बॅडमिंटनच्या रॅकेटवर ठेवून आम्ही कुंपणापलीकडे पोचवली.

जवळ जाऊन लावून देणं शक्य नव्हतं, म्हणून तिनं दीड मीटरवरून शिकवलं. एकदाच ओढा. परत परत घासू नका. आता फुंकर मारा, आणि कशाला हात लावू नका. नऊ वर्षं अमेरिकेत मार खाल्लेला तो हात हवेत धरून बुरमन अर्धा तास आज्ञाधारकपणे फुंकर मारत बसले होते. पलीकडच्या घरातल्या बाई कपडे वाळत घालायच्या थांबून बघत राहिल्या.

आता अडचण एकच होती. उकिडवं बसणं त्यांना जमायचं, उठणं जमायचं नाही. खिडकीतून खराखुरा कॅचर दिसायचं तर क्रेट चालणार नव्हता, आणि हात देऊन उठवायला जवळ जायचं नव्हतं. मी पुण्याहून सामानात आणलेली माझी क्रिकेटची बॅट काढली. मी मूठ धरायची, त्यांनी पात्याचं टोक धरायचं आणि मी ओढायचं. पहिल्या प्रयत्नात दोघंही पडता पडता वाचलो, दुसऱ्यांदा ते उभे राहिले. अंग झटकत म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा बॅट माझ्या उपयोगाला आली."

मग दर बुधवारी आणि रविवारी अकरा वाजता आम्ही निघायचो. बुधवारसाठी मॅनेजरना सांगितलं की शेजाऱ्याला उठवायला जायचं असतं. त्यांनी कॅलेंडरमध्ये तसंच लिहून घेतलं, काही विचारलं नाही.

खिडकी तळमजल्यावर होती. आत पिचर आजोबा खुर्चीत, गुडघ्यांवर पांघरूण, त्यावर दोन मोठे हात. बुरमन बाहेर ओल्या मातीत उकिडवे बसायचे, डावा पंजा ग्लोव्हसारखा पुढे धरायचे आणि मांड्यांच्या मध्ये एक पिवळं बोट खाली सोडायचे. पिचर आजोबा बघायचे आणि हसून मान खाली-वर हलवायचे. हो.

परिचारिकेला फार आनंद झाला. काच थोडी उघडून म्हणाली, बघा, प्रतिसाद देतायत. बुरमननी तिचे आभार मानले. घराशी आल्यावर म्हणाले, "तो सूपला हो म्हणतो. मोजे बदलायला हो म्हणतो. मलाही हो म्हणाला. म्हणजे तो मला ओळखत नाही."

असे पाच आठवडे गेले. दर वेळी एक बोट, दर वेळी हो. नखांचा रंग उडायला लागला, बुरमननी तो पुन्हा लावायचं सोडलं. एका बुधवारी अकरा वाजता मी बॅट घेऊन त्यांच्या दाराशी उभा होतो आणि ते बाहेर आले नाहीत. बाजूनं मागे जाऊन बघितलं तर क्रेटवर बसलेले. चपला पायात, सायकलची किल्ली हातात.

मला तेवढंच येत होतं, ते विचारलं. "आज मागे काही गेलं का?"

त्यांनी वर बघितलं. म्हणाले, "गेलं."

"किती लांब?"

मग त्यांनी हात पुढे केला, आणि मी बॅटीचं टोक.

आम्ही पोचलो तेव्हा सव्वाअकरा होऊन गेले होते. परिचारिका खिडकीशीच होती. बुरमन बसले. अर्धवट पिवळं एक बोट खाली सोडलं. पिचर आजोबांनी बघितलं. हसले नाहीत. कपाळाला आठी पडली, हनुवटी थोडी वर आली, आणि त्यांनी मान हलवली. अगदी थोडी, डावीकडे, उजवीकडे, कंटाळलेल्या माणसासारखी.

परिचारिकेनं काच उघडली आणि दिलगिरीनं म्हणाली की आज त्यांची इच्छा दिसत नाही, पुन्हा या. तिचा हात पडद्याकडे गेला.

"पडदा राहू दे," बुरमन म्हणाले. आवाज अगदी हळू. मान न वळवता मला म्हणाले, "पाहिलंस? नाही म्हणाला."

त्यांनी हात मिटला. दम घेतला. पुन्हा तेच एक बोट.

पिचर आजोबांनी थोडा वेळ घेतला, जणू वेगळं काही सुचवलंय आणि विचार करायला हवा. मग मान खाली-वर हलली. पांघरुणावरचा उजवा हात उचलला गेला आणि सावकाश त्यांच्या पाठीमागे गेला, बॉल टाकायच्या तयारीत. बाहेर बुरमननी डावा पंजा उघडून छातीसमोर धरला. ते दोघं तसेच राहिले. बॉल नव्हता, मध्ये काच होती, परिचारिकेला काही कळत नव्हतं आणि मी बॅट पुढे करून उभा होतो. ती त्यांनी बऱ्याच उशिरानं धरली.

त्या संध्याकाळी कुंपणापलीकडून प्रश्न आला नाही, थेट उत्तर आलं. "आज मागे काही गेलं नाही."

उन्हाळ्यात शुश्रूषागृहाचं दार उघडलं. बुरमन इस्त्रीचा शर्ट घालून, फुलं घेऊन आत गेले आणि वीस मिनिटांत बाहेर आले. मी घाबरून विचारलं, काय झालं? ते म्हणाले, त्याला वाटतं मी प्लंबर आहे. बेसिनचा नळ गळतो म्हणून तक्रार केली. "मग?" मी विचारलं. मग काय, त्यांनी नळ बघितला. खरंच गळत होता. वॉशर बदलायला झाला होता.

"जवळून तो मला ओळखणार कसा," बुरमन म्हणाले. "आम्ही आयुष्यभर अठरा मीटरवरून भेटलो."

आणि ते बागेला वळसा घालून खिडकीशी गेले.

पुढच्या वसंतात पिचर आजोबा झोपेतच गेले. बुरमन बहिणीकडे कुरासावला परत गेले. जाताना वृषालीला रिकामी बाटली धुऊन दिली. बॅट माझ्याकडे आहे. पात्याच्या टोकाला न वाळलेल्या नेलपॉलिशचे चार पिवळे डाग आहेत, ते मी पुसू देत नाही. नवे शेजारी चांगले आहेत, त्यांनी झुडपं छान कापली. पाच वाजता लॅपटॉप मिटून बागेत गेलो की मी आजही त्या बाजूला तोंड करून दिवसाचा हिशोब मनात सांगतो. काही गेलं असेल तर किती लांब गेलं, तेही.

पण मला ते आठवतात त्या दार उघडल्यानंतरच्या महिन्यांतले. बाकीचे पाहुणे रीतसर दारातून आत जायचे, आपापल्या माणसांच्या शेजारी बसायचे आणि काचेतून बाहेर बघून विचारात पडायचे की या म्हाताऱ्याला आत का घेत नाहीत. बुरमनचं त्यांच्याकडे लक्ष नसायचं. मातीत उकिडवे बसलेले, गुडघे फाकलेले, ताज्या रंगाचं एक पिवळं बोट खाली सोडलेलं, आणि डोळे आत, नकाराची वाट बघत.